रुग्णांच्या उशाशी

देवीचा रोग आज पृथ्वीवर उरलेला नाही. तो समूळ नाहीसा झाल्याची घोषणा १९८० साली झाली. परंतु साडेतीनशे वर्षांपूर्वी हा रोग गावात शिरला, की गावाची कळाच पालटून जाई. अंग तापाने फणफणे, सर्वांगावर फोड उठत, कित्येकांची दृष्टी जाई आणि कित्येक प्राणांस मुकत. हा रोग एकापासून दुसऱ्यास जडतो, हे लोकांना अनुभवाने ठाऊक होते. त्यामुळे घरचे माणूसही रुग्णाजवळ जाण्यास धजत नसे. अंगाच्या दाहापेक्षा हे एकटेपणच त्या रुग्णास अधिक जाळीत असेल, नाही का?

१६६४ साली दिल्लीत अशीच साथ पसरली होती. त्या वेळी शिखांचे आठवे गुरू हरकिशन तेथे आले होते. मुलांनो, हे गुरू तुमच्याहूनही लहान होते! त्यांचा जन्म १६५६ साली पंजाबातील किरतपूर येथे झाला. वडील गुरू हरराय १६६१ साली निवर्तले, आणि अवघ्या पाच वर्षांच्या या बालकाकडे गुरुपद आले. पुढे औरंगजेबाने बोलावल्यावरून ते दिल्लीस गेले. तेथे त्यांचा मुक्काम मिर्झाराजे जयसिंग यांच्या हवेलीत होता. दुसऱ्याच वर्षी, १६६५ साली, ज्यांनी शिवाजी महाराजांशी पुरंदरचा तह केला, तेच हे मिर्झाराजे.

शीख परंपरा असे सांगते, की हवेलीत स्वस्थ बसून राहणे बालगुरूंना रुचले नाही. ते रुग्णांच्या वस्तीत गेले. तहानेल्यांना त्यांनी हवेलीच्या विहिरीचे पाणी पाजले. त्या पाण्याने रोगी बरे झाले, अशी भाविकांची श्रद्धा आहे. ती हवेली होती तेथे आज बंगला साहिब हा गुरुद्वारा उभा आहे, आणि तेथील पाणी आजही लोक श्रद्धेने घरी नेतात. ज्याच्या उंबऱ्याशी कोणी फिरकत नव्हते, त्याच्या उशाशी एक बालक येऊन बसले, हा त्या कथेतील भाग मात्र मनात खोल उतरतो.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. गुरू हरराय यांनी किरतपूर येथे औषधालय चालविले होते, अशी त्यांची ख्याती आहे. प्रार्थना करावी की औषध घ्यावे, असा वाद त्या घरात नव्हता. दोन्ही हातांनी रुग्णाची सेवा करावी, हेच बाळकडू हरकिशनांना मिळाले असले पाहिजे.

रुग्णांची सेवा करता करता तेही देवीने आजारी पडले. वयाची आठ वर्षे पुरी होण्याआधीच, १६६४ च्या मार्च महिन्यात, त्यांचा अंत झाला. शीख लोक नित्याच्या प्रार्थनेत, म्हणजे ‘अरदास’मध्ये, दुःखहर्ता म्हणून त्यांचे स्मरण करतात. मग तुम्ही विचाराल, ‘जे स्वतःच रोगाने गेले, ते दुसऱ्यांचे दुःख कसे हरण करणार?’ प्रश्न रास्त आहे. दुःख येणारच नाही, असे आश्वासन शीख धर्म देत नाही. सुख आणि दुःख दोन्ही परमेश्वराच्या इच्छेने येतात. या इच्छेला ते ‘भाणा’ म्हणतात. वेदना होत असतानाही मन खचू न देता ती इच्छा स्वीकारावी आणि नामस्मरण सोडू नये, असे गुरूंनी शिकविले. अखेरच्या घटकेस बालगुरूंनी शोक करणाऱ्या आईचेच सांत्वन केले, अशी कथा आहे.

परंतु तापाने व्याकूळ झालेल्या माणसाला हे एकट्याने कसे साधावे? रात्री ताप चढला म्हणजे घड्याळ जणू थांबते, हे तुम्हीही अनुभवले असेल. अशा वेळी घरातील कोणीतरी रुग्णाच्या उशाशी बसून ‘सुखमनी’चा पाठ म्हणते. पाचवे गुरू अर्जनदेव यांच्या या रचनेचे चोवीस भाग आहेत, आणि सावकाश म्हटल्यास तिला तासाहून अधिक वेळ लागतो. तेवढा वेळ ओळखीचा आवाज रुग्णाच्या कानी पडत राहतो. गुरुद्वारात त्याच्यासाठी सारी संगत हात जोडून उभी राहते. मात्र अरदासच्या शेवटी मागणे असते ते सर्वांच्या कल्याणाचे. ज्या ग्रंथसाहिबापुढे ही संगत उभी राहते, त्यात आपल्या नामदेवांचीही ६१ पदे आहेत.

यमुनेच्या तीरी जेथे गुरू हरकिशन यांच्यावर अंत्यसंस्कार झाले, तेथे बाला साहिब हा गुरुद्वारा आहे. त्याच्या आवारात २०२१ साली त्यांच्याच नावाने डायलिसिसचे मोठे रुग्णालय विनामूल्य सेवेसाठी सुरू झाले. ज्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत, त्यांचे रक्त यंत्राने शुद्ध करण्याचा हा उपचार. त्याने मूळ रोग जात नाही. आठवड्यातून दोनतीनदा यावे लागते, आणि दर वेळी सुमारे चार तास यंत्राशेजारी पडून राहावे लागते.