लहान संग्रहालये, गावोगावची स्मारके आणि शाळेची एक दिवसाची सहल

(दिग्रस परिसरातील शाळांसाठी सहलपाठ : इयत्ता ५ वी ते ७ वी)

इतिहासाच्या पुस्तकात रायगड येतो, दिल्ली येते, दांडीचा समुद्रकिनारा येतो. दिग्रसच्या मुलास यांपैकी एकही स्थळ घरातून दिसत नाही. त्यामुळे इतिहास हा कोठेतरी दूर, कोणातरी थोर माणसांच्या बाबतीत घडतो आणि आपल्या गावाशी त्याचा संबंध नाही, अशी त्याची नकळत समजूत होते. ही समजूत मोडणे हे सहलीचे खरे काम होय.

नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ साली स्थापन झाले. लोक त्यास ‘अजब बंगला’ म्हणतात. तेथे गेलेले मूल चकित होऊन परतते. परंतु चकित होणे निराळे आणि समजणे निराळे. लहान संग्रहालयात अजब असे फारसे नसते. तेथे ओळखीच्या वस्तू असतात. आपल्या आजीच्या पेटीतील दागिना काचेच्या कपाटात मांडलेला पाहून मुलाच्या मनात जो प्रश्न उठतो, त्यातून इतिहासाचा अभ्यास सुरू होतो.

पाठाचे उद्देश

१. वस्तू पाहून तिच्यामागील जीवन ओळखण्याची सवय लावणे.
२. आपल्या परिसरातील माणसांचा देशाच्या इतिहासाशी असलेला संबंध समजावून देणे.
३. स्मारक काय सांगते आणि काय सांगत नाही, हा विचार करावयास शिकविणे.

पूर्वतयारी

सहलीचा काळ विचारपूर्वक ठरवावा. तांड्यांवरील अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी बाहेरगावी जातात व त्यांच्याबरोबर मुलेही जातात. जानेवारीत सहल काढली, तर ज्या मुलांस ती सर्वांत अधिक उपयोगी, तीच नेमकी वगळली जातात. म्हणून पाऊस ओसरताच, कुटुंबे निघण्यापूर्वी, सहल काढणे इष्ट. पोहरादेवीस रामनवमीच्या यात्रेत मोठी गर्दी असते; ते दिवस टाळावेत.

संग्रहालयाची वेळ व सुट्टीचा वार आधी विचारून घ्यावा. पालकांची लेखी संमती, पिण्याचे पाणी, शिदोरी व प्रथमोपचाराची पेटी यांची व्यवस्था करावी. दोन तासिका अगोदर मुलांकडून वहीत परिसराचा नकाशा काढून घ्यावा. दिग्रसच्या पश्चिमेस वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी आणि नैर्ऋत्येस पुसद, ही स्थळे त्यात दाखवावीत. पुसद तालुक्यातील गहुलीचीही नोंद करावी.

पहिले स्थळ : पोहरादेवी

पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान असून संत सेवालाल महाराजांची समाधी येथे आहे. त्यांची जयंती १५ फेब्रुवारीस साजरी होते. जन्मवर्ष १७३९ मानले जाते. येथील ‘बंजारा विरासत’ या संग्रहालयाचे उद्घाटन ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान श्री. नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. इमारतीस नंगाऱ्याचा आकार दिलेला आहे. नंगारा म्हणजे मोठा नगारा. आत जाण्यापूर्वी मुलांस बाहेरच उभे करून, इमारतीस हाच आकार का दिला असावा, हे विचारावे.

शिक्षकाने येथे थोडा इतिहास सांगावा. आगगाडी येण्यापूर्वी मीठ आणि धान्य एका मुलखातून दुसऱ्या मुलखात नेण्याचे काम बंजारे करीत. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून तांडेच्या तांडे चालत. या व्यवसायास ‘लदेणी’ म्हणत. मोठमोठ्या सैन्यांचे पोटही या लदेणीवर अवलंबून असे. एकोणिसाव्या शतकात लोहमार्ग व पक्के रस्ते झाले आणि हा व्यवसाय बुडाला. पुढे १८७१ साली इंग्रज सरकारने एक कायदा करून कित्येक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरविले. काही प्रांतांत बंजाऱ्यांवरही तो शिक्का बसला. ज्यांनी देशाला मीठ-धान्य पुरविले, त्यांच्याच मुलांवर पोलिसांची नजर ठेवली गेली. स्वातंत्र्यानंतर, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, हा कायदा रद्द झाला.

वर्गात तांड्यावरील मुले असतील, तर या स्थळी मार्गदर्शनाचे काम त्यांच्याकडे द्यावे. फेटिया, कांचळी, छांटिया, घुगरी, बलिया ही नावे त्यांना पाठ करावी लागत नाहीत. ती त्यांच्या घरची आहेत. गोरबोलीत आईस ‘याडी’ म्हणतात, हे त्यांनी सांगावे व इतरांनी वहीत लिहावे. जे मूल वर्गात प्रमाण मराठी बोलताना अडखळते आणि म्हणून मागे बसते, ते या दिवशी पुढे येते. त्याची बोली ही चूक नसून ती एक भाषा आहे, हे शिक्षकाने सर्वांसमक्ष स्पष्ट शब्दांत सांगावे. मात्र कोणत्याही मुलास प्रदर्शनातील वस्तूप्रमाणे उभे करू नये. त्याची इच्छा असेल तरच त्यास बोलू द्यावे.

दुसरे स्थळ : गहुली

वसंतराव फुलसिंग नाईक यांचा जन्म १ जुलै १९१३ रोजी गहुली येथे झाला. प्राथमिक शिक्षणासाठी त्यांना आसपासच्या निरनिराळ्या गावी जावे लागले. पुढे अमरावती व नागपूर येथे शिकून ते वकील झाले, पुसदचे नगराध्यक्ष झाले आणि ५ डिसेंबर १९६३ पासून २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. त्यांचा जन्मदिवस राज्यात ‘कृषी दिन’ म्हणून पाळला जातो. १८ ऑगस्ट १९७९ रोजी त्यांचे निधन झाले. याच गावात जन्मलेले सुधाकरराव नाईक हेही १९९१ ते १९९३ या काळात मुख्यमंत्री होते.

या ठिकाणी शाळेशी निगडित एक गोष्ट अवश्य सांगावी. लोकशाही विकेंद्रीकरणाचा विचार करण्यासाठी वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने १९६१ साली अहवाल दिला व १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. मुले ज्या शाळेत बसतात तिच्या पाटीवरील ‘जिल्हा परिषद’ हे शब्द येथून आले आहेत. अशा रीतीने शाळेची पाटी हेही एक स्मारकच ठरते.

तांड्याच्या प्रमुखास ‘नाईक’ म्हणतात. ही पदवी व आडनाव यांचा संबंध मुलांनी स्वतः शोधावा.

तिसरे स्थळ : पुसद

वऱ्हाडास समुद्र नाही. १९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा अकोल्याजवळील दहीहांडा येथे खाऱ्या पाण्याच्या विहिरींतून मीठ काढण्यात आले. परंतु येथील शेतकऱ्यास नित्य जाच होता तो जंगलाच्या कायद्याचा. गुरांसाठी गवत कापणे, जळण आणणे यांवर बंधने होती. म्हणून १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद भागातील राखीव जंगलात गवत कापून कायदा मोडला. त्यांना अटक झाली. वणी येथे १८८० साली जन्मलेले अणे पुढे बिहारचे राज्यपाल झाले.

येथे मुलांनी एक विळा व गवताची एक पेंढी डोळ्यांसमोर आणावी. संग्रहालयात तलवार सहसा मिळते, विळा क्वचितच मिळतो. परंतु या जिल्ह्याच्या स्वातंत्र्यलढ्यातील शस्त्र विळा हेच होते. अण्यांचे नाव ग्रंथांत आहे. त्यांच्यामागे गवत कापावयास आलेल्या शेतकऱ्यांची व गुराख्यांची नावे कोठे आहेत, हा प्रश्न विचारावा. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, १९७२ साली, देशभर स्मृतिस्तंभांवर स्वातंत्र्यसैनिकांची नावे कोरण्यात आली. असा स्तंभ जेथे आढळेल तेथे थांबून प्रत्येक नाव मोठ्याने वाचून घ्यावे. अक्षरे झिजली असल्यास जेवढी लागतात तेवढी वहीत उतरवून घ्यावीत. आणखी काही पावसाळ्यांनंतर ती वही हाच पुरावा राहील.

परतल्यावर करावयाचे काम

शाळेत एक वस्तुकोपरा करावा. प्रत्येक मुलाने घरातील एक जुनी, वापरातून गेलेली वस्तू वडीलधाऱ्यांच्या परवानगीने आणावी. मौल्यवान दागिने आणू नयेत. त्यांचे चित्र पुरे. प्रत्येक वस्तूजवळ चिठ्ठी लावावी : वस्तूचे घरातील नाव, उपयोग, कोणी वापरली, केव्हा बंद झाली आणि का. हे शेवटचे ‘का’ सर्वांत महत्त्वाचे. मोट बंद झाली ती पंप आला म्हणून, जाते बंद झाले ते पिठाची गिरणी आली म्हणून. वस्तू जाते तेव्हा तिच्याबरोबर एक काम जाते, काही शब्द जातात आणि ओव्याही जातात. आजी हयात आहे तोवर हे विचारून घेता येते.

स्वाध्याय

१. लदेणीचा व्यवसाय का बुडाला? त्यामुळे कोणाचा लाभ व कोणाची हानी झाली?
२. वऱ्हाडात मिठापेक्षा गवताचा सत्याग्रह लोकांस अधिक जवळचा का वाटला असावा?
३. आपल्या गावातील एका स्मारकाची माहिती लिहा. ते कोणी, केव्हा व कोणासाठी उभारले?
४. ज्याचे स्मारक व्हावयास हवे होते परंतु झाले नाही, अशा आपल्या गावातील एखाद्या व्यक्तीविषयी किंवा कामाविषयी वडील माणसांस विचारून दहा ओळी लिहा.

चौथ्या प्रश्नाची उत्तरे शिक्षकाने तपासून परत न देता वहीत बांधून शाळेत जपून ठेवावीत. दरवर्षी त्यात नव्या इयत्तेची भर पडत गेल्यास काही वर्षांत गावाचा इतिहास शाळेच्या कपाटात तयार होईल.