डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर

प्रश्न : जुन्या ट्रॅक्टरचा डायनॅमो काढून ३५ अँपिअरचा अल्टरनेटर बसवल्यास जास्त करंटमुळे बॅटरी उकळते, असे वायरिंगचे मिस्त्री म्हणतात. हे खरे आहे का?
— एक शेतकरी, जि. सांगली

उत्तर : ही भीती अनाठायी आहे. अल्टरनेटरवरील अँपिअरचा आकडा ही त्याची कमाल क्षमता असून बॅटरी गरजेपुरताच प्रवाह घेते. ती उकळते ती व्होल्टेज बेसुमार वाढल्यावर, आणि ते सुमारे १४ व्होल्टवर रोखून धरणारा नियंत्रक, म्हणजे रेग्युलेटर, आजच्या बहुतेक अल्टरनेटरमध्ये आतच असतो. उलट डायनॅमो मंद गतीत जवळजवळ काहीच चार्जिंग करत नाही, म्हणून रात्रीच्या कामात दिव्यांमुळे बॅटरी उतरते. जुना रेग्युलेटर बॉक्स जोडणीतून वगळावा, चार्जिंगची तार जाड घ्यावी आणि अँमीटर तेवढा प्रवाह पेलतो का हे पाहावे. मात्र काही जुन्या, विशेषतः ब्रिटिश बनावटीच्या ट्रॅक्टरांत बॅटरीचे धन टोक चॅसिसला जोडलेले असते. आपल्या ट्रॅक्टरची जोडणी तशी असल्यास ती आधी बदलून घ्यावी, अन्यथा अल्टरनेटरमधील डायोड, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे घटक, क्षणात जळतात. इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढू नये. ट्रॅक्टर केवळ दिवसाच चालत असेल, तर हा खर्च अनावश्यक आहे. बहुधा डायनॅमोचे कार्बन ब्रश बदलणे पुरेसे ठरते.