सूज व वेदना कमी करणारी औषधे : उपयोग आणि दुष्परिणाम

वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पानांबरोबर आरोग्यविषयक एक लेख असावा, असा आमचा आग्रह असतो. यंदा निवडलेला विषय बहुतेक प्रत्येक घराच्या फळीवर सापडेल. भात लावणीच्या, भांगलणीच्या आणि ऊसतोडीच्या दिवसांत नेसरी परिसरात ‘दुखण्याची गोळी’ म्हणून जी घेतली जाते, तिच्याविषयी हा लेख आहे. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. औषधशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. तथापि डॉक्टर मंडळींच्या सहवासात जे समजून घेता आले, ते देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्यापुढे साध्या भाषेत ठेवीत आहोत.

शरीरास इजा झाली अथवा जंतूंचा शिरकाव झाला, की त्या ठिकाणी रक्ताचा ओघ वाढतो, रक्तातील द्रव व पांढऱ्या पेशी तेथे जमा होतात आणि दुरुस्तीचे काम सुरू होते. यालाच दाह म्हणतात. लाली, सूज, उष्णता व वेदना ही त्याची चार लक्षणे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सेल्सस या रोमन लेखकाने नोंदवून ठेवली आहेत. म्हणजे दाह हा मुळात शरीराचा शत्रू नव्हे. संधिवातासारख्या विकारात मात्र तो कारण नसताना वर्षानुवर्षे चालू राहतो आणि सांधे झिजवितो. अशा वेळी औषध हवेच.

ॲस्पिरिन १८९९ पासून बाजारात आहे. पण ते कसे काम करते हे जगाला कळावयास १९७१ साल उजाडले. जॉन व्हेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की पेशींच्या आवरणातील एका स्निग्ध आम्लापासून शरीरात ‘प्रोस्टाग्लँडिन’ नावाची रसायने बनतात. ती सूज, ताप व वेदना वाढवितात आणि ॲस्पिरिन त्यांची निर्मितीच रोखते. या संशोधनासाठी त्यांना १९८२ मध्ये इतर दोन शास्त्रज्ञांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन ही सर्व औषधे याच मार्गाने जातात. पॅरासिटामॉल ताप व वेदना उतरविते, परंतु सुजेवर त्याचा विशेष प्रभाव नाही.

खरी अडचण येथून पुढे आहे. प्रोस्टाग्लँडिन केवळ दुखविण्याचे काम करीत नाहीत. जठराच्या अस्तराचे आम्लापासून रक्षण करणे आणि शरीरात पाणी कमी पडले असता मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवून धरणे, हीही त्यांचीच कामे. गोळी गुडघ्यासाठी घेतली तरी तिला गुडघ्याचा वेगळा पत्ता ठाऊक नसतो. ती रक्ताबरोबर सर्वत्र जाते.

‘गोळीने पोटात जळजळते, त्यापेक्षा सुई द्या’ ही मागणी आपल्याकडे नित्य ऐकू येते. सुईने दिलेले औषधही रक्तावाटे जठरापर्यंत पोहोचते आणि तेथील संरक्षण तितकेच कमी करते. जेवणानंतर गोळी घेतल्याने जळजळ कमी वाटेल, पण जखमेचा धोका टळत नाही. डॉक्टर सोबत आम्ल कमी करणारे औषध देतात, त्याने जठराला आधार मिळतो. मूत्रपिंडाला मात्र त्याचा काहीही उपयोग नाही. शौचास डांबरासारखी काळी होणे हे आतील रक्तस्रावाचे लक्षण असू शकते. त्या वेळी घरी थांबू नये.

मूत्रपिंडाविषयी थोडे विस्ताराने लिहावेसे वाटते. उन्हात दिवसभर ऊस तोडणारा माणूस घामाने पाणी गमावतो, रात्री अंग ठणकते म्हणून गोळी घेतो आणि सकाळी पुन्हा फडात जातो. पाणी कमी असताना मूत्रपिंड ज्या आधारावर चालते, तोच ही गोळी काढून घेते. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि लघवी वाढविणारी औषधे चालू असलेल्या वृद्धांनाही हाच धोका आहे.

याच औषधाचा एक दाखला पशुपक्ष्यांच्या जगातला आहे. मेलेल्या जनावरावर गावाबाहेर उतरणारी गिधाडे आमच्या पिढीने पाहिली आहेत. १९९० च्या दशकापासून ती झपाट्याने नाहीशी झाली. पांढऱ्या पाठीची गिधाडे तर नव्याण्णव टक्क्यांहून अधिक घटली. २००४ मध्ये पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून कारण उघड झाले. आजारी जनावरांना दिलेले डायक्लोफिनॅक मृत जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी करीत होते. भारतात २००६ मध्ये हे औषध जनावरांसाठी बंद झाले. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जातच राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये त्या ३ मिलीलिटरच्या एका मात्रेपुरत्या मर्यादित कराव्या लागल्या. २०२३ मध्ये ॲसिक्लोफिनॅक व कीटोप्रोफेन हीदेखील जनावरांसाठी बंद झाली. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही, हे खरे. पण धक्का बसणारे इंद्रिय तेच.

हृदयाचीही बाजू आहे. जठराला कमी त्रास देणारे म्हणून गाजलेले रोफेकॉक्सिब हे औषध हृदयविकाराचा धोका वाढतो असे आढळल्यामुळे २००४ मध्ये जगभरातून मागे घेण्यात आले. याउलट अल्प मात्रेतील ॲस्पिरिन रक्ताची गुठळी होऊ देत नाही, म्हणून हृदयविकाराच्या रुग्णांना दिले जाते. ते आपल्या मनाने सुरू करू नये, तसेच बंदही करू नये.

पावसाळ्यातील तापात डेंग्यू नाही याची खात्री होईपर्यंत ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन वा डायक्लोफिनॅक घेऊ नये. रक्तस्राव वाढू शकतो. २००६ च्या चिकुनगुन्याच्या साथीनंतर सांधे धरून बसलेली माणसे महाराष्ट्राने पाहिली आहेत, आणि दोन्ही ताप एकाच डासापासून येतात. लहान मुलांना तापात ॲस्पिरिन देऊ नये. बारा वर्षांखालील मुलांसाठी निमेसुलाइडवर आपल्याकडे २०११ पासून बंदी आहे. गरोदरपणाच्या उत्तरार्धातही ही औषधे टाळावी लागतात.

स्टेरॉइड हा दाहशामकांचा दुसरा, अधिक प्रभावी वर्ग. दमा व संधिवातात ती जीव वाचवितात. मात्र ‘एका पुडीत गुडघा मोकळा’ असे सांगून विकल्या जाणाऱ्या निनावी पुड्यांत पुष्कळदा तीच मिसळलेली असतात. चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. दीर्घकाळ घेऊन एकदम थांबविल्यास, शरीराने स्वतःचे स्टेरॉइड बनविणे सोडलेले असल्याने, रुग्ण कोसळू शकतो.

एकच औषध मेडिकलमध्ये निरनिराळ्या नावांनी मिळते, त्यामुळे दोन डॉक्टरांच्या दोन गोळ्या प्रत्यक्षात एकच निघतात. म्हणून रुग्णास घेऊन येताना घरातील सर्व गोळ्या, मलमे व पुड्या सोबत आणाव्यात. नाव वाचता येत नसल्यास रिकामे पाकीटही चालेल.