फुटलेला 'पीक' (शेतातलं नव्हे, क्रोमॅटोग्राममधला)

अलिबागजवळ थळला आरसीएफचा खत कारखाना १९८५ पासून चालू आहे. तिथल्या युरियाचा फ्लो-शीट पेपरात काढून झाला की आपण मोकळे. पण वितळलेला युरिया जास्त वेळ तापला तर त्याचे दोन रेणू जुळतात, अमोनिया सुटतो आणि तयार होतो बाययुरेट. (प्रथिनांच्या जांभळ्या टेस्टला याचंच नाव आहे, आणि प्रथिनांत बाययुरेट नसतोच. व्हायवाला विचारतात, लक्षात ठेवा!) खत नियंत्रण आदेशाप्रमाणे युरियात तो १.५ टक्क्यांपर्यंतच चालतो. फवारणीच्या युरियात जास्त असला तर संत्र्या-मोसंबीची पानं टोकाकडून पिवळी पडतात. तेव्हा आकडा १.४ की १.६, याला अर्थ आहे.

आता हा आकडा एचपीएलसीवर काढायचा आहे असं समजा. सी-१८ कॉलम इथे कामाचा नाही. दोन्ही पदार्थ पोलर, त्या तेलकट पृष्ठभागावर ते थांबतच नाहीत. २५० बाय ४.६ मिमीच्या कॉलममधून, मिनिटाला १ मिली फ्लो असेल तर अडीच मिनिटांच्या आसपास दोघंही सॉल्व्हंटबरोबरच बाहेर! म्हणून हिलिक. हे नाव आल्पर्ट यांनी १९९० मध्ये दिलं. यात कॉलम पोलर, मोबाइल फेजमध्ये ८०-९० टक्के अॅसिटोनायट्राइल आणि थोडंसं पाणी. ते पाणी कॉलमच्या पृष्ठभागावर थर धरतं आणि पोलर रेणू त्या थरात रेंगाळतात.

खरी गोची इंजेक्शनला होते. युरिया पाण्यात झटकन विरघळतो, म्हणून आपण सॅम्पल पाण्यात करतो आणि २० मायक्रोलिटर मारतो. पण हिलिकमध्ये पाणी हाच जोरदार सॉल्व्हंट. काही रेणू त्या थेंबाबरोबर पुढे पळतात, काही मागे राहतात आणि पीक पसरतो किंवा फुटतो. त्यात युरिया बाययुरेटच्या साठपटीहून जास्त. त्याच्या पसरलेल्या पायाखाली बाययुरेट गडप झाला, तर इंटिग्रेटर बेसलाइन कुठूनही ओढणार. मग कसला १.४ नि कसला १.६?

उपाय साधा आहे: सॅम्पलचं सॉल्व्हंट शक्यतो मोबाइल फेजसारखं ठेवायचं. मात्र नुसत्या अॅसिटोनायट्राइलमध्ये युरिया फारसा विरघळत नाही. आधी थोड्या पाण्यात विरघळवा, मग अॅसिटोनायट्राइल घाला. गढूळ झालं तर इंजेक्ट करू नका, आणखी पातळ करा. २०१५ पासून आपल्याकडे युरियाला नीमतेलाचा लेप सक्तीचा आहे, तेव्हा ०.४५ मायक्रॉनचा फिल्टर हवाच. स्टँडर्डही त्याच सॉल्व्हंटमध्ये, हे बरेच जण विसरतात. पातळ केल्याने पीक लहान होतो, त्याला इलाज नाही. २०० नॅनोमीटरच्या आसपास बघा. तिथे मेथॅनॉल स्वतःच प्रकाश शोषतं, ते नको.

दोष इंजेक्शनचा की कॉलमचा? तेच सॅम्पल २०, १० आणि ५ मायक्रोलिटर मारून बघा. कमी घेतल्यावर पीक सुधारला तर इंजेक्शनकडे बघा. मोबाइल फेजमध्ये केलेलं पातळ स्टँडर्डही फुटलेलंच आलं तर कॉलमचं तोंड तपासा. हाताने मारायच्या व्हॉल्व्हला सपाट टोकाचीच सुई वापरा, आणि २० चा लूप असेल तर एक तर १० पर्यंतच भरा, नाहीतर ६०-१०० घालून ओसंडू द्या. मधलं प्रमाण दर वेळी वेगळा आकडा देतं.