इंद्रायणीची वारी

आळंदीस कीर्तनात आम्ही इंद्रायणीचे माहात्म्य सांगितले. इंद्राने येथे यज्ञ केला म्हणून हे नाव, ही परंपरेची कथाही झाली. कीर्तन संपल्यावर मावळातले एक वृद्ध वारकरी म्हणाले, “बुवा, नाव कळलं. पण माय येते कुठनं, ते राहिलंच की!” प्रश्न सरळ होता, आणि उत्तर आम्हांस नीट देता येईना. साठी उलटली, स्नाने केली, तीर्थ घेतले. पण मायेचे माहेर पाहिले नाही. पुढे पाहून आलो. त्याचा हा पाठ.

उगम : लोणावळ्याजवळ कुरवंडे गावच्या डोंगरात ही नदी निघते. पलीकडे लगेच कोकणचा कडा. पश्चिमेचा समुद्र जवळ असून ही त्याच्याकडे पाठ करते, कारण सह्याद्री पश्चिमेस तुटलेला आणि पूर्वेस उतरता आहे. लोणावळ्यास वर्षाला चार हजार मिलिमीटरांवर पाऊस पडतो. आळंदीस त्याचा पाचवा हिस्साही नाही. म्हणजे आळंदीचे तीर्थ हे मुख्यतः मावळच्या रानातले पाणी होय. रानात पाचोळा आणि मुळे पाऊस धरून ठेवतात व झऱ्यांवाटे हळूहळू सोडतात. डोंगर उघडा पडला की तेच पाणी माती घेऊन चार दिवसांत निघून जाते. वरचे काही पाणी वलवणच्या धरणात अडवून घाटाखाली खोपोलीस विजेसाठी नेतात. तेथील वीजगृह १९१५ सालचे.

मार्ग : पुढे उत्तरेकडून नाणे मावळातली कुंडली आणि आंदर मावळातली आंद्रा येऊन मिळतात. दक्षिणेस लोहगड-विसापूरची रांग. तिच्या माथ्यावरचा थेंब उत्तरेस ओघळला तर इंद्रायणीत, दक्षिणेस गेला तर पवनेत. पण पवना मुळेस मिळते, मुळा-मुठा भीमेस. म्हणजे दोन्ही थेंब पंढरीच्याच वाटेवर! इंद्रायणी देहूवरून, आळंदीवरून तुळापुरास जाऊन भीमेत नाव सोडते. भीमा पुढे मुळा-मुठा व घोड घेऊन उजनीच्या धरणात थांबते, खाली नरसिंहपुरास नीरेला भेटते, आणि पंढरपुरास चंद्रकोरीसारखी वळून चंद्रभागा होते. पालख्या आपल्या वाटेने जातात, नदी आपल्या वाटेने. वारी दोघींचीही.

बोध : आता दुःखाची गोष्ट. अलीकडच्या वर्षांत आळंदीस पाण्यावर पांढरा फेस तरंगताना लोकांनी वारंवार पाहिला. गावांचे सांडपाणी व कारखान्यांचे मैलपाणी हे त्याचे कारण. रानातून निघालेली वारकरीण वाटेत आपणच विटाळली, आणि तेच पाणी ओंजळीत घेऊन पावन होऊ म्हणतो! कोणी म्हणेल, तीर्थास दोष लागत नाही. खरे, पण तीर्थात घाण टाकणाऱ्यास लागतो. शास्त्रानेही नदीत मलविसर्जन निषिद्धच मानले आहे.

तेव्हा घाटावर जुने कपडे, निर्माल्य, साबण सोडू नये. गावच्या सभेत सांडपाण्याचा प्रश्न आपण विचारावा; टाळकरी उभा राहिला तर गाव ऐकते. मावळातल्या माळकऱ्यांनी देवराईस कुऱ्हाड लागू देऊ नये. आम्हीही यापुढे माहात्म्य सांगताना कुरवंड्यापासून आरंभ करू, आणि फेसाची गोष्ट गाळणार नाही.

त्या वृद्ध माउलीस हेच आमचे उत्तर. राम कृष्ण हरि.