कृत्याचा न्याय आणि आत्म्याचा न्याय

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या 7 व्या अध्यायातील पहिले वचन आमच्या मंडळ्यांत फार तोंडी आहे. आणि खेदाची गोष्ट ही की, आपणांस कोणी बोलू नये असे ज्यास वाटते तोच ते बहुधा पुढे करितो. समजा, सुगीच्या दानाची ज्वारी एकाच्या घरी ठेविली, मोजताना दोन पायल्या कमी भरल्या, आणि वडिलांनी विचारिले. उत्तर तयारच असते: न्याय करणारे तुम्ही कोण?

वाचकहो, तो अध्याय तेथे संपत नाही. 5 व्या वचनात प्रभु आधी आपले मुसळ काढावयास सांगतो खरे, परंतु त्यानंतर भावाचे कुसळही काढावयाचेच आहे. आणि 15 व्या वचनापासून खोटे संदेष्टे फळांवरून ओळखावे असे तो शिकवितो. फळाकडे पाहिल्यावाचून झाड कसे ओळखावे? मूळ ग्रीक भाषेतील 'क्रीनो' हे क्रियापद निवडणे, निर्णय करणे व दोषी ठरविणे अशा अनेक अर्थी येते. मत्तय 7:1 मध्ये जे वर्जिले तेच क्रियापद योहान 7:24 मध्ये आज्ञेत आले आहे. मात्र तो न्याय वरवर पाहून नव्हे, यथार्थ असावा. तेव्हा ज्वारी कमी का भरली हे विचारणे पाप नव्हे. तो मनुष्य नरकाचाच धनी, असे म्हणणे मात्र देवाच्या आसनावर बसणे होय.

पौलाने ही मर्यादा कशी राखिली ते पाहा. करिंथ येथील एकाने आपल्या बापाची बायको ठेविली होती. पौलाने त्या कृत्यास पाप म्हटले व त्यास मंडळीतून घालवावयास सांगितले (1 करिंथ 5). इतकी कठोर शिक्षा, पण हेतू काय? त्याचा आत्मा तरावा हा! 2 करिंथ 2 मध्ये शासन झालेल्या एकास क्षमा करून धीर द्या, नाही तर तो दुःखात बुडून जाईल, असे तो लिहितो. हा तोच मनुष्य, असे जुने टीकाकार म्हणत. अलीकडील पुष्कळ विद्वानांस तो दुसरा वाटतो. कोणी का असेना, दार उघडे होते. (मंडळीबाहेरच्यांचा न्याय तर पौल देवाकडेच सोपवितो, आमच्या चावडीवरील गप्पांत हे कितीदा आठवते?)

सर्वांत कठीण प्रसंग मरणाचा. दारूच्या व्यसनात एखादा सभासद मरतो, आणि त्याची विधवा उपदेशकास विचारिते, "गुरुजी, ते तरले का हो?" येथे वधस्तंभावरील चोर आठवावा. आपली शिक्षा न्याय्य आहे हे त्याने स्वतःच कबूल केले (लूक 23:41). म्हणजे कृत्याचा न्याय खोटा नव्हता. तरी त्याच दिवशी प्रभूने त्यास सुखलोकाचे वचन दिले. दुरून पाहून घरी परतलेल्यांनी त्यास केवळ चोरच समजले असेल. अखेरचे बोलणे त्यांच्या कानी पडले नव्हते. तसेच ह्या घरात शेवटल्या रात्री देव आणि तो मनुष्य ह्यांमध्ये काय झाले हे उपदेशकाने ऐकिले नाही. म्हणून तरला म्हणून खोटा दिलासा देऊ नये, गेला म्हणूनही सांगू नये. आपणांस ठाऊक नाही, देवास आहे, आणि तो दयाळू आहे, इतकेच बोलावे. खांदा द्यावा, स्तोत्र 130 वाचावे. दारूविषयी जे सांगणे आहे ते त्याच्या मुलांस अवश्य सांगावे, पण त्या दिवशी नव्हे.