‘हू’ ठेवू की काढू?

इकडे ये, बस. एवढं काय घाबरायचं गं? रिलेटिव्ह क्लॉज लिहू की पार्टिसिपल फ्रेज, हेच ना? खरं सांगू का, ‘हू’, ‘दॅट’ घालून लिहिलेलं अख्खं वाक्य व्याकरणात चुकत नाही. ते आखूड करणं ही हौस, सक्ती नव्हे.

बघ, ‘द गर्ल हू इज सिटिंग देअर’. यातलं ‘हू इज’ काढ. ‘द गर्ल सिटिंग देअर’. झालं! ‘द लेटर दॅट वॉज सेंट यस्टरडे’चं तसंच ‘द लेटर सेंट यस्टरडे’. मुलगी स्वतः बसलीय म्हणून आयएनजी. पत्र कुणीतरी पाठवलंय म्हणून क्रियापदाचं तिसरं रूप.

आता आपण मराठी माणसं कुठे फसतो, ते नीट ऐक. ‘काल पाठवलेलं पत्र’ आणि ‘काल आलेला पाहुणा’, आपल्याकडे दोन्हीला ‘-लेला’ चालतो. म्हणून हात आपसूक लिहून जातो, ‘द गेस्ट कम यस्टरडे’. नाही हं! पाहुणा आपल्या पायांनी आलाय, तिथे ‘हू केम’च हवं. ‘कमिंग यस्टरडे’ अशी पळवाटही काढू नकोस. एकदाच घडून संपलेल्या गोष्टीला ती चालत नाही. ‘मी घेतलेली साडी’ म्हणजे ‘द सारी आय बॉट’. ‘दॅट’ गाळलंस तरी चालेल, ‘आय’ मात्र जागचा हलवायचा नाही. आणि ‘हू कॅन कुक’मधल्या ‘कॅन’ला हात लावू नकोस, तो गेला की अर्थच गेला.

फ्रेज वाक्याच्या सुरुवातीला आली तर स्वल्पविरामानंतर कोण येतंय ते बघ. कॉलेजात मी ‘ईटिंग पोहे, द बस लेफ्ट’ लिहून बसलाच नाश्ता घातला होता! ‘ईटिंग पोहे, आय मिस्ड द बस’ म्हण; खाणारी तू, तर पुढे लगेच तूच हवीस.

आता असं कर. आधी पूर्ण वाक्य लिही. ‘हू’, ‘दॅट’च्या मागोमाग ‘इज, आर, वॉज, वेअर’ आणि त्यापुढे आयएनजी किंवा तिसरं रूप दिसलं, तर मधले दोन शब्द काढून मोठ्यानं वाच. शंका आली की राहू दे तसंच. सध्या एवढं पुरे. पाच वाक्यं कर, मला दाखव, आणि मग मुकाट्यानं जेवायला बस.